कट्ट्यावरचे प्रश्न: शिवाजी पार्क आणि जी उत्तर वॉर्ड

प्रश्न: मागच्या महिन्यात नाशिकहून दादरला भाड्याने राहायला आलोय. सगळे म्हणतात तू शिवाजी पार्कात राहतोस, पण माझी बिल्डिंग मैदानापासून चांगली दहा मिनिटांवर आहे. मग शिवाजी पार्क नक्की कुठून कुठपर्यंत? आणि हे जी उत्तर काय प्रकरण आहे?

उत्तर: दहा मिनिटं म्हणजे तुम्ही पार्कातलेच, काळजी नको. इथे मैदानाच्या नावाने अख्खी वस्ती ओळखली जाते, केळुसकर रोडवाले स्वतःला जरा जास्त पार्कातले समजतात एवढंच. पलीकडे सावरकर मार्ग, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजून कॅडल रोड, तो ओलांडला की समुद्र.

आता जी उत्तर. महापालिकेने कामासाठी मुंबईचे वॉर्ड पाडले आणि त्यांना इंग्रजी अक्षरं दिली, ए पासून टी पर्यंत. त्यात आय, जे, ओ, क्यू नाहीतच, शोधत बसू नका. दादर पश्चिम, माहीम आणि धारावी मिळून जी उत्तर. रेल्वेचा पूल उतरून पूर्वेला हिंदू कॉलनीत गेलात की तुम्ही एफ उत्तरमध्ये, तिथलं ऑफिस वेगळं, साहेब वेगळे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तुमच्या गल्लीतला दिवा आणि धारावीतली तुंबलेली गटारं एकाच वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर येतात. त्यामुळे पार्कातल्या काही मंडळींना आपला अर्ज मागे पडला असं वाटतं, ते मला फारसं पटत नाही, गटार आधी हे बरोबरच आहे.

प्रश्न: नगरसेवकाचा प्रभाग आणि हा वॉर्ड एकच का? आमच्या ग्रुपवर यावरून भांडण झालंय.

उत्तर: नाही हो. वॉर्ड हा प्रशासनाचा, त्याचा प्रमुख सहायक आयुक्त, ज्याला आपण वॉर्ड ऑफिसर म्हणतो, तो सरकारी नोकर. प्रभाग निवडणुकीचा, मुंबईत असे 227, आणि एका वॉर्डात बरेच प्रभाग बसतात. गोंधळ होतो कारण प्रभागालासुद्धा आपण सर्रास वॉर्डच म्हणतो. मार्च 2022 ला जुन्या सभागृहाची मुदत संपली त्यानंतर कितीतरी दिवस नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या सहीने चाललं होतं, तेव्हा लोकांना हा फरक चांगलाच कळला, कारण रात्री नऊला फोन करायला कोणी उरलंच नव्हतं.

प्रश्न: मैदानाचं नाव पहिल्यापासून हेच आहे का? आमचे आजोबा माहीम पार्क म्हणायचे असं आई सांगते.

उत्तर: आजोबा बरोबर होते, ताई. 1896 च्या प्लेगनंतर गर्दी उपसायची म्हणून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या सुरू झाल्या. हे मैदान पालिकेने 1925 ला लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा ते माहीम पार्कच. 1927 मध्ये नाव बदललं, आणि ते बदलायला लावलं ते अवंतिकाबाई गोखले यांनी, त्या पालिकेत सदस्य होत्या. शिवरायांचं जन्मवर्ष त्या वेळी 1627 धरत, म्हणजे त्रिशताब्दी चालू होती. पुतळा फार नंतरचा, 1966 चा. आजूबाजूच्या गोल कोपऱ्यांच्या, लांब बाल्कन्यांच्या जुन्या बिल्डिंगा बहुतेक तीस-चाळीसच्या दशकातल्या, त्यातल्या एकेक आता रीडेव्हलपमेंटला जातायत. माझं मत विचाराल तर मैदानापेक्षा त्या गोल बाल्कन्यांची मला जास्त काळजी वाटते, मैदानावर निदान शंभर जणांची नजर असते.

प्रश्न: दिवाळीनंतर मैदानातली लाल माती घरात येते. सकाळी पुसलेली खिडकीची जाळी संध्याकाळी बोटाने पुसली तर बोट विटकरी होतं. तक्रार कुठे करू?

उत्तर: काकू, हे दुखणं जुनं आहे आणि यावर पाणी मारण्यापासून माती काढण्यापर्यंत सगळ्या चर्चा झाल्यात. पावसाळा संपून जमीन सुकली की एकाच वेळी एवढ्या नेट्स आणि मॅचेस चालतात की माती उडणारच, गवत धरायला पायांनी उसंत तर द्यायला हवी. तुम्ही दोन गोष्टी करा. 1916 वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दुसरं, सहायक आयुक्तांच्या नावे साधा अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून परत घ्यायची, शिक्का नसला तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. एकटीने देऊ नका, बिल्डिंगमधल्या दहा सह्या घ्या.

प्रश्न: हायकोर्टाने शिवाजी पार्क सायलेन्स झोन ठरवलाय ना, मग दसरा, सहा डिसेंबरला एवढी गर्दी कशी चालते?

उत्तर: 2010 चा तो आदेश खरा आहे, पण वर्षातले ठराविक दिवस मैदान खेळाव्यतिरिक्त वापरायला सरकारने मोकळे ठेवलेत, त्यात एक मेची परेडसुद्धा येते. सभेच्या भोंग्याबद्दल तक्रार करा, मी तुमच्या बाजूने आहे. सहा डिसेंबरचं मात्र वेगळं. बाबासाहेबांवर 1956 ला अंत्यसंस्कार झाले ती चैत्यभूमी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, लोक कुठून कुठून बसने, रेल्वेने येतात, रात्र मैदानातल्या मांडवात काढतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. त्या दिवशी फक्त गाडी बाहेर काढू नका, पायी जा आणि पुस्तकांचे स्टॉल बघून या.