विंचवाचं बिऱ्हाड, मुक्काम स्प्लिट

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की मी मूळची देवगडची, सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहून पोट भरते आणि सध्या क्रोएशियात, ॲड्रियाटिक समुद्राकाठच्या स्प्लिट शहरात बसून ते काम करते. त्यावर पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच, ‘आम्हालाही जमेल का?’ त्यातली चार पत्रं आज घेते.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. साहेब म्हणतात, कुठूनही काम कर. स्प्लिटला रोमन बादशहाच्या राजवाड्यात चक्क भाड्याने घरं मिळतात असं वाचलं. तिथेच वर्षभर राहायचं मनात आहे. बेत कसा आखू? (हडपसर)

तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते. आधी साहेबांचं ते वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर घे. टपरीवर चहा पिताना दिलेली परवानगी पोलिसांना चालत नाही. हो, पोलिसांनाच. परदेशी माणसाच्या राहण्याचा परवाना तिथे गृहखात्याचे पोलीस देतात. १ जानेवारी २०२१ पासून डिजिटल नोमॅडसाठी, म्हणजे लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणाऱ्या भटक्यांसाठी, वेगळा तात्पुरता परवाना निघाला. पूर्वी तो फार तर १२ महिन्यांचा असे, आता १८ महिन्यांपर्यंत मिळतो. संपला की लगेच दुसरा नाही. सहा महिने जाऊ द्यायचे आणि मग नव्याने अर्ज करायचा. माझी आता दुसरी खेप आहे. मधले महिने मी देवगडला आईकडे आंब्याच्या पेट्या मोजत काढले.

काम क्रोएशियाबाहेरच्या कंपनीचंच हवं. महिन्याची कमाई तिथल्या सरासरी निव्वळ पगाराच्या अडीच पट हवी. हा आकडा दरसाल सरकतो, सध्या तीन हजार युरोंच्या वर आहे. तुझ्या पगाराला आजच्या दराने भाग देऊन बघ. पुरत नसेल तर पुढचं उत्तर करमणूक म्हणून वाच.

पुरत असेल तर पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, आरोग्य विमा आणि राहत्या जागेचा पुरावा जमव. आपल्याला व्हिसाही लागतो. टुरिस्ट व्हिसावर जाऊन ‘तिकडे गेल्यावर बघू’ असलं काही करू नकोस. बाहेरच्या कंपनीच्या पगारावर या परवान्यात तिथे आयकर नाही, पण म्हणजे कुठेच नाही असं नव्हे. भारतात किती दिवस होतास त्यावर इकडचं गणित फिरतं. ते सीएला विचार, मला नको.

आता राजवाडा. डायोक्लेशियन इ.स. ३०५ मध्ये गादी सोडून इथे राहायला आला. सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथली माणसं जीव मुठीत धरून या तटाच्या आत शिरली आणि बादशहाच्या दालनांतून त्यांनी संसार मांडले. ते आजतागायत चालू आहेत. बादशहाच्या समाधीचं कॅथेड्रल झालं, खांबाखांबांमधल्या जागा विटा-दगडांनी बुजवून खोल्या निघाल्या. माझं पहिलं घर त्यातलंच, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीची कड इतकी रुंद की मी तिच्यावर मांडी घालून जेवायची. तो रुंदपणा भिंतीचा होता, हे पहिल्या मीटिंगला कळलं. राउटर पुढच्या खोलीत, मी मागच्या खोलीत आणि मधे हातभर दगड. पलीकडून सारखं, “मॅडम, तुम्ही फ्रीज झालात.” शेवटी राउटर स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर मांडला आणि आठ महिने त्याला वळसा घालून चहा केला.

आठच महिने, कारण करार १ ऑक्टोबर ते ३१ मे असा होता. मला वाटलं, पुढचं पुढे वाढवून घेऊ. कोकणातल्या बाईने असा भोळेपणा करायला नको होता, मे महिन्यात मालवणात खोलीचा काय भाव होतो ते मी लहानपणापासून बघते आहे. जून ते सप्टेंबर तेच घर टुरिस्टांना दिवसाच्या हिशेबाने जातं. मेच्या मध्यावर घरमालकीणबाई हातात केक घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. १ जूनला दोन बॅगा आणि कुकर घेऊन मी सोलिनला गेले. सोलिन म्हणजेच ते जुनं सलोना. चौदाशे वर्षांपूर्वी लोक तिथून पळून राजवाड्यात आले, मी राजवाड्यातून निघून तिथे. शहर बसचं तिकीट काढून.

म्हणून राजवाडा बघायला ठेव, राहायला नको. स्प्लिटमधलेच स्पिनुत, बाचवित्से हे भाग, नाहीतर सोलिन बघ आणि करार बारा महिन्यांचाच कर. सही करण्याआधी मालकाला स्पष्ट विचार की करार रीतसर नोंदवणार ना? मला एक गृहस्थ असे भेटले की भाडं रोख घेईन, कागद कशाला हवा? कागद त्यांना नको असेल, तुझा परवाना त्याच कागदावर उभा आहे. पत्ता बदलला की तोही पोलिसांत नोंदवायचा असतो.

वेळेचा हिशेब मात्र झकास आहे. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. पुण्याची दहाची मीटिंग तिथे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि उन्हाळ्यात साडेसहाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासाने मागे जातात, पुण्याची नाही. पहिल्या वर्षी त्या सोमवारी मी साडेसहाला ऐटीत लॅपटॉप उघडला, तर सगळे “चला, थँक यू” म्हणत उठत होते. चूक माझीच, आता कॅलेंडरवर लाल खूण करते. पण पहाटे उठायची तयारी असेल तर दुपारी दोननंतर तू मोकळा. बाचवित्सेच्या किनाऱ्यावर जा. गुडघाभर पाण्यात पाच-सहा जण एक छोटा चेंडू तळहाताने उडवत असतात. तो पाण्यात पडू द्यायचा नाही, एवढाच खेळ. पित्सिगीन म्हणतात त्याला. गुण नाहीत, हारजीत नाही. साठीची माणसं चेंडूसाठी आडवी झेप घेतात आणि पाण्यात आपटून हसत उठतात. १ जानेवारीच्या गारठ्यातही खेळतात.

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची, डिझायनर आहे. एकटीच सहा महिने स्प्लिटला राहायचं म्हणते. शुद्ध शाकाहारी आहे. तिथे म्हणे मासेच मासे. ती खाईल काय? आणि एकटीला भीती नाही ना? (सांगली)

ताई, भीतीचं आधी सांगते. बंदरासमोर पामच्या झाडांचा रुंद रस्ता आहे, त्याला रिव्हा म्हणतात. रात्री अकरालाही मी तिथून एकटी चालत घरी येते. उन्हाळ्यात गल्ल्यांमधून पिऊन आरडाओरडा करणारे टुरिस्ट असतात, त्यांचा त्रास होतो, झोप मोडते. याहून मला एकटेपणाची काळजी वाटते. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य बुडतो, बरीचशी हॉटेलं सीझनपुरतीच असल्याने बंद असतात आणि मुलगी दगडी खोलीत एसीच्या गरम वाऱ्यावर हात शेकत बसते. ते दोन महिने तिला रोज फोन करा, मात्र ‘परत ये’ म्हणू नका.

खाण्याची काळजी सोडा. राजवाड्याच्या पूर्वेच्या भिंतीला लागून भाजीबाजार भरतो. नाव पझार, म्हणजे आपला बाजारच. सकाळी आठच्या आत जायचं. ब्लित्वा नावाची पालेभाजी मिळते, बटाटा, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घालून ती शिजवतात. आपल्या पोळीबरोबर उत्तम लागते. सोपार्निक म्हणजे दोन पातळ लाट्यांमध्ये तीच पालेभाजी भरून चुलीवर, निखाऱ्यांखाली भाजतात आणि वरून तेल-लसूण फासतात. परातीएवढं असतं, चौकोनी तुकडे करून विकतात. मला पहिला तुकडा खाल्ल्यावर आजीच्या हातची पानगी आठवली, का ते सांगता येणार नाही, चव अगदी वेगळी. हॉटेलात ‘बेझ मेसा, बेझ रिबे’ म्हणायला शिकवा, मांसाशिवाय, माशाशिवाय. मेसो म्हणजे मांस, लक्षात राहायला सोपं. सूप आणि रिसोटो नावाच्या आसट भाताच्या वेळी तर विचारायचंच. मासळीबाजार वेगळा आहे. त्याच्या बाजूला गंधकाचे झरे आहेत, त्या वासाने म्हणे माश्या फिरकत नाहीत. देवगडच्या बंदरावर वाढलेली मी, पहिल्या दिवशी तिथे एकही माशी न दिसल्यावर मासे शिळे असतील अशीच शंका आली.

सामानात हिंग, मोहरी, गोडा मसाला द्या. तूप आणि कंदी पेढे मात्र देऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात आणि वाईट वाटतं.

आणि एक, चहा. तिथेही शब्द ‘चाय’च आहे. पहिल्या दिवशी मी आनंदाने ‘चाय’ मागितला, तर समोर लालभडक आंबट पाणी आलं. रानगुलाबाच्या फळांचा काढा. दूध मागितल्यावर वेटरने असं पाहिलं, जणू मी कोकम सरबतात दूध ओतायला निघाले होते. आपला हवा असेल तर ‘त्स्रनी चाय’, काळा चहा, असं सांगायचं आणि दूध वेगळं. त्यापेक्षा घरी आलं ठेचून करावा.

कपड्यांचंही मुलीला सांगून ठेवा. गल्लीवरून समोरच्या भिंतीपर्यंत कप्पीवर फिरणारी दोरी असते, तिरामोला. युगो नावाचा दक्षिणेचा दमट वारा सुटला की भिंतींना घाम येतो आणि चादर तीन दिवस वाळत नाही, थेट जुलैतलं कोकण. डोंगरावरून येणारा बुरा कोरडा आणि थंडगार. तो सुटला की कपडे तासाभरात वाळतात, फक्त चिमटे दुप्पट लावायचे. माझा एक पंजाबी ड्रेस त्याने नेला तो नेलाच. समोरच्या तेता, म्हणजे आपल्या मावशीच म्हणा, रोज सकाळी खिडकीतून हात बाहेर काढून नुसतं ‘युगो’ किंवा ‘बुरा’ असं मला ओरडून सांगतात.

प्रश्न : क्रोएशियन भाषा यावी लागते का? (ठाणे)

नाही, शहरात इंग्रजीवर सगळं भागतं. पण द्वा, त्रि असे आकडे ऐकले की शिकायचा मोह होतो. विभक्ती सात आहेत. ‘द्वितीया स ला ते’ घोकून मार खाल्लेल्यांनी घाबरू नये, निम्मा मार आधीच खाऊन झालेला आहे. मी प्रत्यय चुकवला की तेता दुरुस्त करतात आणि मी बरोबर म्हणेपर्यंत दुधाची पिशवी हातात देत नाहीत.

प्रश्न : तुम्ही लॅपटॉपवाले जाता तिथली भाडी वाढवता. आमच्या बार्देशात हेच झालं, गावच्या पोरांना गावात खोली मिळत नाही. तुम्हाला काहीच वाटत नाही? (म्हापसा)

वाटतं. मी देते ते भाडं मला झेपतं, माझ्या शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सला झेपत नाही, हे मला माहीत आहे. २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात गेल्यापासून तिथली कितीतरी तरुण माणसं आयर्लंड-जर्मनीला निघून गेली. तेतांचा भाचाही गेला. जुन्या गल्ल्यांत रात्री वर पाहिलं तर हिवाळ्यात खिडकीमागून खिडकी काळोखी असते, घरं टुरिस्टांसाठी ठेवलेली. तेव्हा मी स्वतःची अशी समजूत घालायचे की मी तर ऑक्टोबर ते मे राहते, रिकाम्या घरात दिवा लावते, कुणाला बाहेर काढत नाही.

हे मी एकदा तेतांना बोलूनही दाखवलं. त्या चादर ओढता ओढता थांबल्या. म्हणाल्या, तुझ्या आधी त्या घरात विद्यापीठातल्या दोन मुली राहायच्या. त्यांचाही करार ऑक्टोबर ते मेच असायचा, कॉलेजपुरता. तू आलीस त्या वर्षी भाडं वाढलं. त्या आता ओमिशहून रोज बसने येतात.