रॅली रेसमध्ये गाड्या एकेकट्याच धावतात, ओव्हरटेकिंग नाही, मग चॅम्पियनशिपची चुरस असते तरी कुठे?

गाड्या एकेकट्या सुटतात हे तुमचं बरोबर आहे, पण म्हणून चुरस नसते हे मला अजिबात पटत नाही. मी बरीच वर्षं वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप फॉलो करतोय आणि सर्किट रेस बघताना माझी कधी इतकी घालमेल होत नाही, कारण इथे ज्याच्याशी टक्कर आहे तो समोर दिसतच नाही, तो कुठेतरी जंगलात मागे असतो आणि हातात येतो फक्त त्याचा टाइम.

सिस्टीम साधी आहे. तीन-चार दिवस, रोज काही स्पेशल स्टेज म्हणजे वाहतुकीला बंद केलेले रस्ते, सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज करायची आणि ज्याची सर्वात कमी तो जिंकला. एका स्टेजवरून दुसरीकडे जाताना मात्र हीच गाडी साध्या ट्रॅफिकमधून सिग्नल पाळत जाते आणि टाइम कंट्रोलला, म्हणजे ठरलेल्या वेळी हजर व्हायच्या चौकीवर, उशीर झाला की पेनल्टी. त्यात कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाड्या सुटी खडी झाडत जातात, मागच्यांना साफ लाइन मिळते, आणि पहिल्या दिवशी सर्वात पुढे सोडतात तो चॅम्पियनशिपमध्ये आघाडीवर असलेला ड्रायव्हर! म्हणजे पॉइंट्समध्ये पुढे असण्याची किंमत रस्त्यावरच मोजावी लागते.

आता 1998 चा सीझन घ्या, तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. एकूण 13 रॅली. फिनलंडचा टॉमी मॅकिनेन मित्सुबिशीत, स्पेनचा कार्लोस साइन्झ टोयोटा कोरोलात. मॅकिनेनने पाच रॅली जिंकल्या, साइन्झने दोनच, पण साइन्झ पठ्ठ्या दुसरा येत येत पॉइंट गोळा करत राहिला आणि शेवटच्या रॅलीला, नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये, हिशोब होता मॅकिनेन 58, साइन्झ 56. तेव्हा पहिल्याला 10, दुसऱ्याला 6, मग 4, 3, 2, 1 असे पॉइंट होते.

पहिल्याच दिवशी मिलब्रुक नावाच्या स्टेजला जुन्या हिस्टॉरिक गाडीचं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं, मॅकिनेनची गाडी त्यावरून घसरली, काँक्रीटच्या ठोकळ्यावर आपटली आणि मागचं चाकच गेलं. तरी तो तीन चाकांवर गाडी रेटत राहिला, शेवटी पब्लिक रोडवर पोलिसांनी थांबवलं. संपलं. आता साइन्झला फक्त चौथा नंबर हवा होता, 3 पॉइंट म्हणजे 59, एका पॉइंटने चॅम्पियन.

आणि इथे मला वाटतं खरी रॅली कळते, कारण जिंकायला धावणं एक आणि उरलेल्या सगळ्या स्टेज काही न मोडता, चौथा नंबर सांभाळत काढणं वेगळंच. साइन्झने ते केलं. शेवटची स्टेज मार्गम, त्यातही शेवटचे काहीशे मीटर उरले आणि इंजिन फुटलं, कनेक्टिंग रॉड गेला, धूर, गाडी जागेवर. शेजारी को-ड्रायव्हर, म्हणजे पुढची वळणं वाचून सांगणारा जोडीदार, लुईस मोया ओरडतोय की स्टार्ट कर, कसंही करून स्टार्ट कर, पण स्टार्ट व्हायला इंजिन शिल्लक कुठे होतं. बाहेर आल्यावर मोयाने हेल्मेट फेकून मागची काच फोडली. ती क्लिप मी अजूनही सलग बघू शकत नाही. मॅकिनेन तोपर्यंत आशा सोडून हॉटेलवर, घरी निघायच्या तयारीत होता आणि तिथेच त्याला कळलं की आपण सलग तिसऱ्यांदा चॅम्पियन झालो! ओव्हरटेकिंग शून्य, पण सांगा आता, चुरस नव्हती?

साइन्झचे वर्ल्ड टायटल 1990 आणि 1992 चे, ते दोनच राहिले, 1998 नंतर तिसरं कधी आलं नाही. पण माणूस थांबला नाही, पुढे डकार रॅलीत उतरला, जी दोन आठवडे वाळवंटातून चालते, आणि ती चार वेळा जिंकला, शेवटची 2024 मध्ये वयाच्या 61 व्या वर्षी. फॉर्म्युला वनमधला कार्लोस साइन्झ त्याचाच मुलगा.

तुम्हाला खरंच बघायची असेल तर नुसत्या उड्यांचे व्हिडिओ बघू नका. एखादी रॅली पहिल्या दिवसापासून धरा आणि दोनच ड्रायव्हर निवडून त्यांचे स्प्लिट टाइम, म्हणजे स्टेजच्या अधल्यामधल्या टप्प्यांवरच्या वेळा, शेजारी शेजारी ठेवा, कोण कुठल्या स्टेजला दोन सेकंद मुद्दाम सोडतोय, कोणाचे टायर संपत आलेत हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.