आधी खळ्यावर, मग तीर्थनला

भाऊ, ग्रुपसोबत हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंगने ट्राउट मासा धरायला जाताय, वाचून मनापासून आनंद झाला. ट्राउटला थंड, वाहतं पाणी लागतं; आपल्या वैनगंगेत ती मिळायची नाही. सराव मात्र गावातच होतो.

महिनाभर रोज २० मिनिटं खळ्यावर रॉडने (गळाच्या काठीने) दोरी फेका, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. फ्लायला, म्हणजे गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेल्या नकली किड्याला, वजन जवळपास नसतंच, तिला दोरीचं वजन पुढे नेतं. म्हणून मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबायचं. नवा माणूस नेमकी इथेच घाई करतो. चाबकासारखा आवाज आला की समजा, चुकलं. मनगटाच्या झटक्यांनीही काही होत नाही, मी त्यात अख्खा एक हंगाम घालवला.

बाकी थोडंच:
- ९ फुटी, ५ नंबरचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा) रॉड पुरे. मासेमारी साहित्याच्या प्रदर्शनात भारावून खरेदी नको; फेकून पाहायला मिळालं तर जरूर पाहा.
- टोपी, चष्मा कायम. गळ डोळ्यात जाऊ शकतो.
- परवाना आधी काढा. आपल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारी काळातल्या) तलावांवरही मच्छीमार संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

फ्लाय बांधणं पुढच्या वर्षी. पहिल्या सकाळी जुन्या, अनुभवी मासे धरणाऱ्याच्या बाजूला, रॉडच्या पल्ल्याबाहेर उभं राहून तासभर नुसतं बघा.