जुना धडा आणि जीटीके ४

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा छोटा प्रोग्रॅम मी लिनक्सवर पायथनमध्ये लिहीत आहे. इंटरनेटवरच्या एका धड्यावरून खिडकी तयार केली, परंतु खिडकीतले सारे दाखवणारी ‘शो-ऑल’ ही आज्ञा अस्तित्वातच नसल्याची एरर येते. कोड धड्याबरहुकूम आहे. ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉप प्रकल्पाची नवी मार्गदर्शिका मुळापासून वाचावी, की आहे तेच दुरुस्त करावे?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपले काही चुकलेले नाही; धडा जीटीके ३ चा (जीटीके म्हणजे खिडक्या, बटणे वगैरे तयार करणारी लायब्ररी) आहे आणि आपल्या संगणकावर जीटीके ४ चालते आहे. कोडच्या सुरुवातीला जीटीकेची आवृत्ती सांगणारी ‘रिक्वायर-व्हर्जन’ ही ओळ बहुधा नसावी. ती नसेल, तर पायथन केवळ इशारा देऊन उपलब्ध असलेली सर्वांत नवी आवृत्ती उचलतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ मध्ये विजेट, म्हणजे बटण, लेबल असे खिडकीतले घटक, मुळातच दृश्य असतात, म्हणून ‘शो-ऑल’ काढून टाकले गेले. खिडकी मात्र ‘प्रेझेंट’ने समोर आणावी लागते. चौकटीत विजेट बसवणारे ‘पॅक-स्टार्ट’ जाऊन ‘अपेंड’ आले. सर्वांत मोठा बदल डायलॉगचा, म्हणजे वापरणाऱ्याला प्रश्न विचारणाऱ्या छोट्या खिडकीचा आहे. पूर्वी ‘रन’ म्हटले की उत्तर मिळेपर्यंत कोड त्या ओळीवर थांबत असे. आता उत्तर आल्यावर काय करायचे ते वेगळ्या फंक्शनमध्ये लिहून ठेवावे लागते. हा बदल शब्द बदलून साधत नाही, विचाराची मांडणीच बदलावी लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपण नव्या मार्गदर्शिकेपासूनच आरंभ करावा.

ग्नोमने २०२१ मध्ये विकसकांसाठीचे संकेतस्थळ नव्याने मांडले. त्यातील प्रारंभिक धड्यांमध्ये मजकूर दाखवणारा एक साधा प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने उभा राहतो : आधी मजकुराची जागा, मग फाइल उघडणे, कर्सरचे स्थान दाखवणे, फाइल जतन करणे. पायथनमधील उदाहरणेही तेथे आहेत. फाइल उघडण्याचा धडा कृपया घाईने ओलांडू नये, कारण वर सांगितलेली डायलॉगची नवी रीत तेथेच हाती लागते आणि सभासदाला पुस्तक देताना खातरजमा करणारी आपली खिडकी त्याच रीतीने लिहायची आहे.

मराठीपुरती एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन, कारण आपल्या नोंदींत सभासदांची नावे देवनागरीत असणार. ‘क्षितिज’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण पायथन ते सात मोजतो. रकाना अरुंद आहे म्हणून नाव ठरावीक लांबीवर कापले, तर जोडाक्षर मधेच तुटते आणि माणसाचे नाव विद्रूप होते. त्याऐवजी नाव दाखवणाऱ्या लेबलचा ‘एलिप्साइझ’ हा गुणधर्म वापरावा. मग मजकुराची मांडणी करणारी पँगो ही लायब्ररी उपलब्ध जागा पाहून नाव योग्य ठिकाणी आखडते आणि पुढे तीन टिंबे देते, तर नोंदीत ते पूर्णच राहते.