'मंत्रचळ' म्हणावं की 'ओसीडी'?

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या मुलाला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार मनात पुन्हा पुन्हा येणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा केल्यावाचून न राहवणं) असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी कागदावर 'ओसीडी' लिहिलं आणि समजावताना म्हणाले, "मराठीत याला मंत्रचळ म्हणतात." घरी सांगितल्यावर सासूबाईंनी 'मंत्र' ऐकून बाहेरचं काहीतरी असल्याचं धरलं आणि 'चळ' ऐकून मुलगा उठून आत निघून गेला. हा शब्द बरोबर आहे का, त्यात मंत्र कुठून आला आणि घरात बोलताना काय म्हणावं?

ताई, शब्द बरोबर आहे, मराठीत मुरलेला आहे आणि आपल्याकडचे मनोविकारतज्ज्ञ तो सर्रास वापरतात. फोड सरळ आहे: मंत्र आणि चळ. चळणे म्हणजे जागेवरून हलणे, ढळणे. 'बुद्धी चळली', 'त्याला चळ लागलाय', 'म्हातारचळ' यांतला चळ हाच. मंत्राच्या अनुष्ठानात चूक झाली तर माणसाचं डोकं फिरतं अशी जुनी समजूत होती आणि अशा फिरलेपणाला मंत्रचळ म्हणत. म्हणजे यातला मंत्र मांत्रिकाने दुसऱ्यावर टाकलेला नाही. तो जप करणाऱ्याचा स्वतःचा आहे. सासूबाईंना ही गोष्ट आधी सांगा.

पण हा शब्द या आजाराला इतका चपखल का बसला, ते पाहण्यासारखं आहे. माळ घेऊन बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. १०८ मणी. सत्तरएक मणी झाले आणि मनात आलं, मघाशी एक अक्षर नीट उच्चारलं गेलं नाही. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. हा मेरुमण्याकडे परततो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. आता लक्ष सगळं चुकीवरच, त्यामुळे दहाव्या मण्यालाच शंका येते. पुन्हा पहिल्यापासून. सकाळची दुपार होते, घरचे जेवायला थांबलेले असतात, माळ काही पुरी होत नाही. चूक झाल्याची शंका, त्यातून अनर्थाची भीती, ती शमवायला तीच कृती पुन्हा आणि क्षणभर बरं वाटून पुन्हा शंका. गॅसचं बटण बंद असताना ते पाचव्यांदा फिरवून पाहणारा हात, किंवा साबण लावून धुतलेले हात पुन्हा नळाखाली धरणारा मुलगा, हे सगळं याच चक्रात फिरत असतं. ते चक्र ज्यांनी आपल्या आजूबाजूला पाहिलं, त्यांच्याच तोंडी हा शब्द रुळला असणार असं मला मनापासून वाटतं.

'मंत्र' आला म्हणून हा शब्द मागासलेला ठरत नाही. 'ओसीडी'तल्या 'ऑब्सेशन'चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे वेढा घालून बसणे, जसा किल्ल्याला घालतात. पुढे युरोपात हा शब्द दुष्ट आत्म्यांबद्दल वापरला गेला: भूत अंगात शिरलं तर 'पझेशन' आणि बाहेरून छळत राहिलं तर 'ऑब्सेशन'. आपलं 'झपाटणं' असंच भुताखेतांकडून आलं आणि आता 'कामाने झपाटलेला' हे कौतुक आहे. शब्द कुठून निघाला यावरून तो आज काय सांगतो ते ठरत नाही.

माझा आक्षेप आहे तो 'चळ' या अर्ध्या भागावर, आणि तुमचा मुलगा का उठून गेला ते मला समजतं. चळ म्हणजे भान सुटणं. ओसीडी असलेल्या बहुतेकांचं भान शाबूत असतं. बटण बंद आहे हे त्याला दिसतं, आपण अति करतोय हेही कळतं, आणि कळत असूनही थांबता येत नाही. त्याचा छळ नेमका इथे आहे. अशा माणसाला 'चळ लागलाय' म्हणणं म्हणजे त्याच्याकडे जे शाबूत आहे तेच नाकारणं. म्हणून 'मंत्रचळ' हा अखंड शब्द आजाराचं नाव म्हणून जरूर वापरावा, पण त्यातून 'चळ' सुटा काढून माणसाला चिकटवू नये. 'मंत्रचळी', 'चळिष्ट' अशी विशेषणं तर नकोतच.

याहून महत्त्वाचं मला क्रियापद वाटतं. मराठीत विचार 'करता' येतो आणि विचार मनात 'येतो'. एरवी आपण दोन्ही सारखेच वापरतो, इथे मात्र त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ओसीडी असलेल्या एखाद्या नव्या आईच्या मनात येतं की आपल्या हातून बाळाला इजा होईल. ती हादरते, सुऱ्या कपाटात लपवते, बाळाला एकटीने आंघोळ घालायला धजत नाही. 'ती बाळाला मारायचा विचार करते' असं कोणी म्हटलं तर तिच्यावर घोर अन्याय होतो. तिच्या मनात तो विचार येतो, नको असताना येतो, आणि तिला तो भयंकर वाटतो म्हणूनच ती सुऱ्या लपवते. कृतीच्या बाजूलाही मराठीने उत्तम सोय केली आहे: 'हात धुतल्यावाचून त्याला राहवत नाही.' राहवणं, बघवणं, चालवणं या शक्य क्रियापदांत माणूस कर्ता म्हणून उभा राहत नाही. मुद्दाम करतो, हट्टाने करतो, असा आरोप त्या वाक्यरचनेत येतच नाही. ओसीडीसाठीच्या 'कल्पना-क्रिया अनिवार्यता' या पारिभाषिक जोडशब्दाला जे सांगायचं आहे, ते 'राहवत नाही' या दोन शब्दांत घरातल्या सगळ्यांना कळतं.

'ओसीडी' म्हणायलाही हरकत नाही. फाइलवर, विम्याच्या कागदांत, दुसऱ्या डॉक्टरांकडे तेच नाव चालेल. फक्त ते स्वस्त होऊ देऊ नये. पुस्तकं उंचीप्रमाणे लावणारी मैत्रीण 'मला ना, ओसीडी आहे' असं हसत सांगते, तेव्हा तिच्यासाठी टापटिपीची, काटेकोर, चोखंदळ असे छान शब्द आपल्याकडे आहेत. नीटनेटकेपणात तिला आनंद मिळतो. तुमच्या मुलाला हात धुण्यात आनंद मिळत नाही.

एका शब्दाबद्दल मुद्दाम सावध करतो: शंकानिरसन. एरवी गुणाचा शब्द. पण मुलगा विचारतो, "आई, दार लागलंय ना?" आणि तुम्ही "हो रे, लागलंय" म्हणता, तेव्हा ते उत्तरही हळूहळू त्या चक्राचा भाग होतं. दोन मिनिटांनी तो पुन्हा विचारतो. उपचार नेमका उलट्या दिशेने जातो. भीती वाटते ती गोष्ट करायची, उदाहरणार्थ दाराच्या कडीला हात लावायचा, आणि मग धुवायला जायचं नाही. अस्वस्थता आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराची नोंद प्रसिद्ध केली आणि पुढची पद्धत त्यातून उभी राहिली. घरच्यांनी उत्तर द्यायचं कधी थांबवायचं, ते मात्र डॉक्टर किंवा समुपदेशकांशी ठरवूनच करा. अचानक तोंड फिरवलंत तर मुलगा एकटा पडेल.

आणि सर्ट्रालीन किंवा फ्लुओक्सेटीनसारखी औषधं दिली असतील तर घरात त्यांना 'झोपेच्या गोळ्या' म्हणू देऊ नका. त्या झोपेच्या नव्हेत. ओसीडीत त्यांचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडेही लागतात, आणि 'झोपेच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या' म्हणत तिसऱ्या आठवड्यात बंद करणारी घरं कमी नाहीत.

शेवटी व्याकरणाचा भाग. 'मंत्रचळ' पुल्लिंगी आहे. 'मंत्रचळ लागला' या प्रयोगात खूळ लागल्याची छटा येते, म्हणून मी 'त्याला मंत्रचळाचा त्रास आहे' असं म्हणेन. मुलाला स्वतःला मात्र विचारा, त्याला कोणता शब्द चालेल. तो 'ओसीडी' म्हणाला तर घरात ओसीडीच म्हणा.