टाइम-आउटमधला फाऊल प्रशिक्षकांच्या नावावर का?

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यात टाइम-आउट चालू असताना आमचा एक बदली खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या बाकासमोर जाऊन टाळ्या पिटत त्यांना हिणवू लागला. पंचांनी शिट्टी वाजवली, फाऊल मात्र आमच्या प्रशिक्षकांच्या नावावर लिहिला गेला. घड्याळ बंद असताना फाऊल कसा होतो आणि एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार पंचांचा अधिकार सामन्याच्या नियोजित वेळेच्या 20 मिनिटे आधीच सुरू होतो; त्यामुळे टाइम-आउटच्या एका मिनिटातही तो अबाधित असतो. संघ प्रशिक्षकांभोवती गोळा झाले की पंच बाकांपासून दूर उभे राहतात, पण त्यांची नजर तिकडेच असते. अनवधानाने घडलेल्या आणि खेळावर परिणाम न करणाऱ्या किरकोळ गोष्टीकडे ते दुर्लक्ष करू शकतात किंवा ताकीद देऊन ती मिटवू शकतात. समोरच्या बाकापर्यंत चालत जाऊन हिणवणे त्यात बसत नाही, हे आपणही मान्य कराल.

आपल्या प्रश्नाचा खरा गाभा नावाचा आहे. टाइम-आउट सुरू होताना मैदानावर असलेल्या पाचांपैकी कोणी असे वागला असता, तर टेक्निकल फाऊल (धक्काबुक्कीचा नव्हे, तर गैरवर्तनाचा फाऊल) त्याच्याच नावावर लागला असता आणि संघाच्या फाऊलमध्येही मोजला गेला असता. बाकावरच्या बदली खेळाडूचा फाऊल मात्र मुख्य प्रशिक्षकांच्या नावापुढे ‘बी’ म्हणून नोंदवला जातो, कारण बाकाच्या वर्तनाची जबाबदारी त्यांची असते. तो संघाच्या फाऊलमध्ये धरला जात नाही. यात एक बारकावा आहे. टाइम-आउटमध्ये बदली खेळाडूने टाइमकीपरकडे जाऊन बदलाची नोंद केली, की त्याच क्षणी तो ‘खेळाडू’ ठरतो. आपला खेळाडू आधी अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे गेला असता आणि मग टाळ्या पिटल्या असत्या, तर फाऊल त्याचा त्यालाच भोवला असता!

दोन्ही प्रकारांत दंड एकच असतो. प्रतिस्पर्ध्यांना एक फ्री थ्रो, म्हणजे कोणाच्याही अडथळ्याविना बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी मिळते आणि त्यानंतर, टाइम-आउटपूर्वी चेंडू ज्या संघाचा होता, त्याच्याकडेच तो परत जातो.

प्रशिक्षकांना मात्र हा हिशेब महागात पडू शकतो. असे तीन ‘बी’ झाले, किंवा स्वतःच्या गैरवर्तनाचे दोन ‘सी’ झाले, तर त्यांना सामन्यातून बाहेर जावे लागते.