दोन्ही टोकांना

अगं,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाच्या वेळी वाचला. पिंग (छोटं चाचणीचं पॅकेट) जातंय, एसएसएच (दूरच्या मशीनवरचं लॉगिन) अडकतंय, व्हीएक्सलॅनमध्ये (एका नेटवर्कच्या आतून दुसरं नेटवर्क नेण्याच्या पद्धतीत) काय बिघडलंय कळत नाही. सोबत तीन स्क्रीनशॉट, आणि तिन्ही एकाच मशीनवरचे! तिथेच माझं डोकं फिरलं. दुसऱ्या टोकाचं कॅप्चर, म्हणजे तिथल्या पॅकेटांची नोंद, कुठे आहे?

जे दिसतंय ते आधी सांगतो. सिन आणि सिन-ॲक, म्हणजे टीसीपी जोडणीची पहिली दोन पॅकेट, दोन्हींत एमएसएस (एका पॅकेटात मावणारा कमाल डेटा) १४६०. हेडरचे ४० मिळवले की दोन्ही व्हीएम (आभासी मशीन) पूर्ण १५०० बाइट धरून चालल्यात. पण व्हीएक्सलॅन प्रत्येक फ्रेमवर वेष्टन चढवतं: इथरनेट १४, आयपी २०, यूडीपी ८, स्वतःचं ८, एकूण ५० बाइट. आतलं १५००चं पॅकेट खालच्या नेटवर्कला १५५०चं पडतं. तुझं ८४ बाइटचं पिंग निवांत जातं. एसएसएचच्या किल्ल्यांची देवाणघेवाण सुरू झाली की पॅकेट मोठी होतात आणि मग नुसती रीट्रान्समिशन, तीच पॅकेट पुन्हा पुन्हा. वाटेत कुठेतरी एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) १५००च राहिलाय, असा माझा संशय आहे. पण नुसत्या संशयावर स्विचला हात लावायचा नाही. दोन्ही टोकांना कॅप्चर लाव, होस्टच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनच्या, फिजिकल इंटरफेसवर.

आणि फिल्टर न लावता. डिस्क भरेल म्हणशील, तर प्रत्येक पॅकेटचे पहिले २०० बाइट ठेव; आतल्या टीसीपीचं हेडर त्यात मावतं. '४७८९चा फिल्टर लावला तर?' नको. तो आरएफसीतला, म्हणजे व्हीएक्सलॅनच्या मानकातला, पोर्ट. लिनक्सला पोर्ट सांगितला नाही तर तो ८४७२ घेतो, आणि तू रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसशील.

रिकाम्या स्क्रीनवर मी एकदा विश्वास ठेवला होता. तेव्हा व्हीएक्सलॅन नव्हतं, साधे व्हीलॅन, फ्रेमवरच्या टॅगने वेगळी ओळखली जाणारी नेटवर्कं. मिरर पोर्टवर, जिथे रहदारीची प्रत मिळते, टीसीपीडंप हा कॅप्चरचा प्रोग्राम लावला, फिल्टरमध्ये नुसता होस्टचा पत्ता. एकही पॅकेट नाही. फ्रेमवर ४ बाइटचा टॅग असला की पुढचं सगळं ४ बाइट सरकतं, फिल्टरमध्ये आधी 'व्हीलॅन' लिहावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, "पॅकेट आमच्यापर्यंत येतच नाहीत." पलीकडच्या टीममधला मुलगा तुझ्याच वयाचा असेल. तीन रात्री तो स्वतःचा राउटर तपासत बसला, वर साहेबांची बोलणी खाल्ली. चौथ्या दिवशी कंटाळून मी फिल्टर काढला. सगळी पॅकेट होती, टॅगसकट. आमच्याच पुढच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या दुव्यावर) तो व्हीलॅन टाकायचा राहिला होता. मी मेलवर 'सुटलं' एवढंच लिहिलं. त्याला फोन केला नाही.

तेव्हापासून दोन्ही टोकांना. ऑफिसात पोरं माझी नक्कल करतात, मला माहीत आहे. एक मॅनेजर याला वेळकाढूपणा म्हणायचे. सगळे कन्फिग बदलून बघत असताना मी दुसऱ्या टोकाची फाइल मागत बसायचो, म्हणून दोनदा माझं नाव मागे पडलं. त्याचं मला काही वाटत नाही. बरं, थोडं वाटतं. पण अंदाजाने बदललेली कन्फिग नंतर परत फिरवताना तीच मंडळी रात्रभर जागलेली मी पाहिलीत, आणि तेव्हा फाइल माझ्याकडेच मागितली गेली.

तर दोन्ही फाइली शेजारी उघड. घड्याळांवर जाऊ नकोस, आतल्या टीसीपीचा सीक्वेन्स नंबर (डेटाचा अनुक्रमांक) जुळव. छोटी पॅकेट दोन्हीकडे आणि मोठी फक्त पाठवणाऱ्याकडे दिसली, तर माझा संशय खरा. पाठवणाऱ्या व्हीएमच्या आत कॅप्चर घेतलंस आणि हजारो बाइटचं पॅकेट दिसलं तर दचकू नकोस, नेटवर्क कार्डाकडे जाण्याआधी ते तुकडे न झालेलं असतं. मोठीही दोन्हीकडे पोचत असतील तर मी चुकलो, मग पुन्हा बोलू.

तुझ्या दुसऱ्या टोकाची फाइल तिथल्या टीममधल्या मुलाकडे माग. मेसेज नको टाकूस, फोन कर. आणि आज दुपारी झोप काढ.